गाव सुटलं, 'कर' उरला

मुलांनो, आधी एक कोडं. पेणकर कुठले? तुम्ही लगेच ओरडाल, "पेणचे!" अगदी बरोबर. मग आता सांगा, पेण गावात पेणकर आडनावाची घरं किती असतील? गणपतीच्या मूर्तींचं एवढं मोठं गाव, म्हणजे गल्लोगल्ली पेणकरच असतील, असं वाटेल. पण तसं होत नाही. पेणकर भेटतात ते पनवेलला, ठाण्याला, मुंबईला, आणि चक्क समुद्रापलीकडच्या देशातही. खुद्द पेणमध्ये त्यांचं प्रमाण फारसं नाही.

असं का, याचा विचार करून पाहा. सगळेच पेणचे असताना एकाला 'पेणकर' म्हणून कोण हाक मारील? त्याने ओळख पटतच नाही! तिथे तो अमक्याचा नातू, तळ्याकाठचा, नाही तर सोनाराच्या शेजारचा. तोच माणूस घोड्यावरून, गलबतातून किंवा डोक्यावर बोचकं घेऊन दुसऱ्या गावी गेला, की तिथले लोक विचारतात, "हा कोण नवा?" उत्तर येतं, "पेणकडचा आहे." झालं! त्याच दिवशी तो पेणकर होतो. म्हणजे 'कर' हा आपण लावून घेतलेला नसतो, दुसऱ्यांनी चिकटवलेला असतो. आणि तो चिकटतो गाव सुटल्यावर.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही हं. टेनिसपटू अँडी मरे तुम्हाला माहीत असेल. तो स्कॉटलंडचा. 'मरे' हे आडनाव तिथल्या उत्तरेकडच्या मोरे नावाच्या प्रांतावरून आलेलं आहे. तिथली काही आडनावं 'मॅक'ने सुरू होतात, त्यांत 'मॅक' म्हणजे मुलगा, अमक्याचा मुलगा. कुठे बापाचं नाव, कुठे गावाचं नाव, कुठे धंद्याचं, सगळीकडे माणसाची युक्ती सारखीच. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतलं, हेही तुम्ही ऐकलं असेल.

पण आज मला सांगायची आहे ती गोष्ट आपल्या रायगड जिल्ह्यातल्या अशा आडनावांची, जी फार थोड्या घरांत उरली आहेत आणि जगभर विखुरली आहेत.

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेच्या भागात एक प्रार्थनामंदिर आहे. नाव 'बेथ एल'. ते १८४९ साली उभं राहिलं. पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. असं प्रार्थनामंदिर म्हणजे सिनेगॉग. ते आहे ज्यू, म्हणजे यहुदी लोकांचं. आपल्याकडचे हे यहुदी स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणतात. हिब्रू भाषेत 'बेने' म्हणजे मुलं, इस्राएलची मुलं. घरात मराठी बोलणारे, साडी नेसणारे, भात-मासे खाणारे हे लोक. मात्र बिनखवल्याचा मासा त्यांना चालत नाही, त्यामुळे कोळंबी आणि चिंबोरी बाद! (आपल्या पनवेलच्या पोरांना हे ऐकूनच वाईट वाटेल.)

त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली कथा अशी. फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं. वाचले ते सात पुरुष आणि सात बायका. बुडालेल्यांना त्यांनी नवगावलाच मूठमाती दिली. तिथे आज एक स्मारक उभं आहे. हे केव्हा घडलं याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी दोन हजार वर्षांपूर्वी म्हणतात, कुणी त्यापेक्षा बरंच अलीकडे. वाचलेल्यांची पुस्तकं समुद्रात गेली, भाषाही हळूहळू विसरली. लक्षात राहिली ती एक छोटी प्रार्थना, 'शेमा', आणि शनिवारी काम न करण्याचा नेम.

हे लोक गावोगाव पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी यांचा घाणा बंद! म्हणून कोकणात यांना नाव पडलं 'शनिवार तेली'. पाहा, इथेही नाव दुसऱ्यांनीच दिलं.

माणसांची नावंही मराठमोळी झाली. सॅम्युएलचा समाजी, अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, इझिकेलचा हसाजी. आता विचार करा. अठराव्या शतकात यांतले बरेच जण मुंबईला जाऊन इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले. एका पलटणीत चार समाजी आणि सहा आबाजी असले, तर हाक कशी मारायची? तिथे गाव उपयोगी पडतं. समाजी दिव्याचा, आबाजी रोह्याचा. अशी एकेक करून शंभराहून जास्त आडनावं आपल्या रायगड जिल्ह्यातल्या गावांवरून त्यांच्यात रूढ झाली. पेणकर, रोहेकर, नवगावकर, नागावकर, चेऊलकर, घोसाळकर, वाकरूळकर, कोलेटकर, पेझारकर, राजपूरकर, दिवेकर. रोहे आणि अष्टमी ही कुंडलिका नदीच्या दोन काठांवरची जुळी गावं, तर आडनावंही जुळी, रोहेकर आणि अष्टमकर! जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा आणि ही यादी वाचा. एकेका आडनावावर बोट ठेवता येईल.

त्यांतला सुभेदार समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, याची गोष्ट तर फार प्रसिद्ध आहे. म्हैसूरच्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस त्याने केला, असं सांगतात. सुटून आल्यावर १७९६ साली त्याने मुंबईतला पहिला सिनेगॉग बांधला. आसपासचे लोक त्याला मशीदच म्हणत, आणि मध्य रेल्वेच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं म्हणतात. आणि हा दिवेकर मूळचा कुठला? श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरचा. तेच दिवेआगर, जिथे १९९७ साली जमिनीत सोन्याचा गणपती सापडला.

आता इथे एक गंमत लक्षात घ्या. दिवेकर आडनावाचे ब्राह्मणही आहेत. घोसाळकर मराठा समाजात आहेत, पेणकर-नागावकर तर कितीतरी जातींत आहेत. म्हणजे हे सगळे एकमेकांचे भाऊबंद का? मुळीच नाही. एकाच फलाटावरून सुटलेले प्रवासी जसे एकमेकांचे नातलग नसतात, तसंच हे. 'कर' लावलेलं आडनाव गाव सांगतं. जात सांगत नाही, धर्म सांगत नाही. कुणी आडनाव ऐकून "म्हणजे तुम्ही अमके का?" असं विचारू लागला, तर त्याला खुशाल हे उदाहरण द्या.

मला स्वतःला या सगळ्यांत आवडतं ते केहिमकर हे आडनाव. एक तर ते दुर्मीळ. दुसरं म्हणजे त्याचा माग काढायला सोपं आणि माग काढताना मजा येणारं.

अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी किहीम गाव आहे. सुरूची झाडं, नारळ, पुळण. तुमच्यापैकी कित्येक जण सहलीला जाऊन आले असाल. या गावाचा जुना उच्चार केहीम. त्यावरून केहिमकर. त्या घराण्यातले हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा जन्म १८३० सालचा. शिक्षणाची त्यांना फार कळकळ. १८७५ साली त्यांनी मुंबईत आपल्या समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे तीच माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. त्याच शाळेत १९२२ पासून १९५० पर्यंत मुख्याध्यापिका होत्या रिबेका रुबेन. त्यांचं माहेरचं आडनाव नवगावकर! म्हणजे किहीमच्या माणसाने लावलेलं रोप नवगावच्या लेकीने वाढवलं. दोन्ही गावं अलिबाग तालुक्यातली, आणि दोघांची भेट पडली ती मुंबईच्या शाळेत.

केहिमकरांनी आणखी एक मोठं काम केलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडच्या कथा, चालीरीती, माणसांची नावं, गावांची नावं असं सगळं गोळा करून त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून काढला. लिहून झाला १८९७ साली. पण छापून निघायला १९३७ साल उजाडलं, तेही इथे नव्हे, तेल अवीव शहरात. चाळीस वर्षं! लेखक तोवर हयात नव्हते. ते हस्तलिखित कुणी रद्दीत टाकलं असतं, तर आज यातली किती आडनावं आणि किती कथा आपल्याला कळल्या असत्या कोण जाणे.

त्याच आडनावाची दुसरी व्यक्ती आपल्या शेजारच्या नवी मुंबईतली. आयझॅक केहिमकर. फुलपाखरांची आवड असलेल्या मुलांनी हे नाव ऐकलंच असेल. भारतातल्या फुलपाखरांवर त्यांनी मोठं, रंगीत चित्रांचं पुस्तक लिहिलं, ते २००८ साली निघालं. रानफुलांवर आणि पतंगांवरही त्यांची पुस्तकं आहेत. पक्षी, प्राणी, कीटक यांचा अभ्यास करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. आणि योगायोग बघा, त्याच संस्थेचे थोर पक्षिमित्र डॉ. सलीम अली १९३० च्या सुमारास किहीमला राहून सुगरण पक्ष्याची घरटी न्याहाळत होते! एकजण किहीमला जाऊन पाखरं पाहतो, दुसरा किहीमचं नाव घेऊन फुलपाखरांमागे फिरतो. यात कार्यकारणभाव काही नाही हं, पण मला हे फार गोड वाटतं.

सगळ्यांनीच 'कर' जपला असं मात्र नाही. मुंबईत महालक्ष्मी-वरळीकडे डॉ. ई. मोझेस मार्ग आहे. हे डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. आडनाव राजपूरकर. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या राजपुरीचे. रस्त्याच्या पाटीवर राजपुरी काही आली नाही. 'बूट पॉलिश' चित्रपटातला प्रेमळ जॉनचाचा किंवा 'गोलमाल'मधले डॉक्टरमामा आठवतात? आईबाबांना विचारा, ते लगेच सांगतील. पडद्यावर त्यांचं नाव नुसतं डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं रेवदंड्याशेजारचं चौल, जिथे एके काळी दूरदेशीची जहाजं लागत. आडनाव चौलचं, जन्म ठाण्याचा, काम मुंबईत, आणि अखेरचा श्वास कॅनडातल्या टोरोंटो शहरात! डॉ. जेरुशा झिराड यांच्या घराण्याने तर 'कर'च गाळला आणि गाव तेवढं ठेवलं. झिराड हे अलिबागजवळचं गाव. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या या प्रमुख डॉक्टरीणबाईंना १९६६ साली पद्मश्री मिळाली.

इंग्रजी राज्यात नोकरीच्या निमित्ताने ही आडनावं लांब लांब गेली. पुणे, अहमदाबाद, अगदी कराचीपर्यंत. कराचीत १८९३ साली बांधलेल्या सिनेगॉगच्या इतिहासात उमरडेकर हे आडनाव येतं. विचार करा, सिंधच्या वाळवंटाशेजारी उमरडेकर! ती इमारत १९८८ साली पाडली गेली.

मग १९४८ साली इस्रायल देश जन्माला आला आणि इथली कुटुंबं बोटींनी, विमानांनी तिकडे निघाली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून ज्यू होते सव्वीस हजारांच्या पुढे. एकविसाव्या शतकातल्या गणनेत ते पाच हजारांच्याही आत आले. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. आज पेणकर, दिवेकर, रोहेकर शोधायचे तर अश्दोद, दिमोना, बेरशेबा, लोद, रामला अशा गावांच्या पत्त्यांत शोधावे लागतात. त्यातलं दिमोना आहे वाळवंटात. भाताची खाचरं आणि माडांची सावली सोडून आलेल्या माणसांना पहिली काही वर्षं कशी गेली असतील!

बरं, तिथे गेल्यावर सगळं सुरळीत झालं का? नाही. तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी १९६० नंतरच्या काळात शंका काढली, की इतकी शतकं दूर राहिलेले हे लोक खरे यहुदी कशावरून? लग्न लावायचं तर त्यांचं कूळ आधी तपासा, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं. ज्यांनी कोकणात परक्यांमध्ये राहूनही शनिवार मोडला नाही, त्यांनाच हा प्रश्न! साहजिकच लोक चिडले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं, निदर्शनं केली. शेवटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेत स्पष्ट सांगण्यात आलं, की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत. आडनाव म्हणजे नुसती हाक मारायची सोय, असं आपल्याला वाटतं. पण आपण कोण, कुठले, हे सिद्ध करायची वेळ आली म्हणजे त्याच अक्षरांना किती वजन येतं ते पाहा. दोन देश, आणि दोन्हीकडे विचारणा तीच, "तुम्ही कुठले?"

तिथे आडनावाचा उच्चार बदलतो तो वेगळाच. हिब्रू भाषेत 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही. त्यामुळे पेणकरांचा होतो पेनकर आणि घोसाळकरांचा घोसालकर. शिवाय रोजच्या लिखाणात तिथे काना-मात्रा बहुधा लिहीतच नाहीत! नुसती व्यंजनं पाहून वाचणाऱ्याने अंदाज करायचा. आपण तसं 'प न क र' लिहिलं तर कुणी पानकर वाचील, कुणी पिनकर. म्हणून कित्येकांनी सोपं म्हणून वडिलांचं नावच आडनाव केलं. सॅम्युएल, सोलोमन, रुबेन. आजोबा रोहेकर आणि नातू सोलोमन. अशा वेळी रोहे पुसलं जातं, ते कुणी मुद्दाम पुसलेलं नसतं. तरी मराठी सुटली नाही. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. आणि सुट्टीत तिकडची कुटुंबं नवगाव, अलिबागची इस्राएल आळी, रेवदंडा, पेण असं फिरायला येतात. हातात आडनाव, शोधतात गाव.

हे लिहिताना मला पनवेलचीच एक गोष्ट आठवते आहे. आपल्याकडे नवी मुंबईचा विमानतळ झाला, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्यासाठी आपल्या तालुक्यातली दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, वाघिवली, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे वगैरे. लोकांना वडघर, करंजाडे, उलवे अशा ठिकाणी जागा मिळाल्या. आता या गावांतली आडनावं आठवा. पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर, घरत, नाईक, कोळी. एकातही गाव नाही! दिवेआगर आजही जागच्या जागी आहे आणि तरी दिवेकरांच्या नावात ते जपलेलं आहे. उलट वाघिवलीचं शिवार धावपट्टीच्या कामात गेलं, पण कुणी वाघिवलीकर नाही. त्या गावांतली मुलं आता वेगवेगळ्या शाळांत आहेत. तुमच्या वर्गात असतील तर त्यांना विचारा, तुमच्या गावदेवीचं नाव काय, तळं कुठे होतं, शिमग्याची होळी कुठे लागायची. आणि ते एका वहीत उतरवून ठेवा. केहिमकरांनीही सुरुवात अशीच केली असणार, एकेकाला विचारून.

आता तुमच्यासाठी सुट्टीतला उद्योग. आधी स्वतःच्या आडनावापासून सुरुवात करा. आजी-आजोबांना विचारा, आपलं मूळ गाव कोणतं, तिथून कोण निघालं, का निघालं, दुष्काळ, नोकरी की भांडण? (भांडण निघालं तर गोष्ट जास्त रंगते.) आजोबांचा शाळेचा जुना दाखला, जमिनीचा सात-बारा, लग्नपत्रिका यांवर जुनं आडनाव वेगळं लिहिलेलं सापडतं. कुलदैवत कुठलं हेही विचारा. बरेचदा देव जुन्या गावातच राहिलेला असतो. मग भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावा आणि वर्गातल्या प्रत्येक 'कर'साठी एकेक टाचणी टोचा. गावाला लाल आणि आता राहतात तिथे निळी. दोन टाचण्यांना दोरा बांधा. मोठ्या माणसांनाही यात ओढा, बाबांच्या ऑफिसातले 'कर' सुद्धा मोजायला हरकत नाही.

एक सूचना. आडनावावरून गाव ओळखताना घाई करू नका. नागाव रायगडातही आहे आणि महाराष्ट्रात इतरत्रही आहे. तळेगावं तर किती! म्हणून आधी माणसाला विचारायचं, मग नकाशाला.

आणि ही घ्या सरावासाठी पाच आडनावं, सगळी रायगड जिल्ह्याच्या नकाशावर सापडतील अशी: वाकरूळकर, कोलेटकर, घोसाळकर, पेझारकर, अष्टमकर. शेवटच्याचं उत्तर मी वर सांगून टाकलं आहे. उरलेल्या चार गावांचे तालुके शोधा.